मडक्यावरचा काळा रंग भट्टीत टिकतो कसा?

चीनमधल्या यांगशाव संस्कृतीचं तांबडं भांडं आणि आपल्या संगमनेर तालुक्यातल्या जोर्व्याचं तांबडं भांडं यांचे फोटो शेजारी-शेजारी ठेवा. दोन्हींवर काळी नक्षी. लगेच कुणीतरी म्हणणार, "बघा, आपले पूर्वज तिथवर पोहोचले होते!" अडचण एवढीच, की यांगशावचा काळ साधारण इ.स.पू. ५००० ते ३००० आणि जोर्वे संस्कृतीचा इ.स.पू. १४०० ते ७००. पोहोचायचं तर पूर्वजांना काळातही मागे जावं लागलं असतं.

पण अशा फॉरवर्डबहाद्दरांना फार हसू नये. योहान गुन्नार अँडरसन हा स्वीडिश भूशास्त्रज्ञ चीन सरकारसाठी कोळसा आणि लोहखनिज शोधायला गेला होता. १९२१ मध्ये हेनान प्रांतातल्या यांगशाव गावी त्याने उत्खनन केलं आणि रंगीत खापरं पाहून त्याला तुर्कमेनिस्तानातल्या आनाऊची आणि युक्रेनमधल्या त्रिपोल्येची भांडी आठवली. ही कला पश्चिमेकडून चीनमध्ये आली असावी, असा तर्क त्याने मांडला.

तांबड्यावर काळं हेच रंग जगात इतक्या ठिकाणी का दिसतात, याचं बरंचसं उत्तर भट्टीत आहे. नक्षी भाजण्याआधी काढली, तरच ती अंगाशी पक्की बसते. भाजल्यावर लावलेला रंग सहज खरवडला जातो. म्हणजे ८००-१००० अंश सेल्सियसची आच सोसणारा रंग हवा. पानाफुलांचे रंग, काजळी, कोळसा सगळे बाद, कारण मोकळ्या हवेच्या भट्टीत ते जळून जातात. उरतात खनिजं.

पहिलं लोह. पिवळ्या नदीकाठच्या मातीत ते भरपूर आहे. भट्टीत हवा खेळती असेल तर त्याचं हेमॅटाइट (लोह आणि ऑक्सिजनचं तांबडं संयुग) होतं आणि भांडं तांबडं निघतं. हवा कोंडली की धुरातला कार्बन मोनॉक्साइड हेमॅटाइटमधला थोडा ऑक्सिजन ओढून घेतो आणि मॅग्नेटाइट उरतं. हेमॅटाइटमध्ये लोहाचे सगळे अणू तीन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. मॅग्नेटाइटमध्ये एक-तृतीयांश अणूंनी दोनच गमावलेले असतात. या दोन प्रकारच्या अणूंमध्ये इलेक्ट्रॉन उड्या मारत राहतात, जवळजवळ सगळ्या रंगांचा प्रकाश शोषला जातो आणि पदार्थ काळा दिसतो.

म्हणजे पेच असा: हवा सोडली तर लोहाची काळी नक्षीही तांबडी होणार, हवा कोंडली तर भांडंही काळवंडणार. ग्रीक कुंभारांनी पुढे एकाच भाजणीत हवा सोडणं, कोंडणं, पुन्हा सोडणं अशी कसरत करून हा पेच सोडवला. यांगशावच्या कुंभारांनी सोपी वाट धरली. त्यांच्या काळ्या रंगात लोहाबरोबर मँगनीज आहे.

मँगनीजची गंमत मला फार आवडते. मँगनीज डायऑक्साइड तापवला की ५००-६०० अंशांच्या आसपास तो थोडा ऑक्सिजन सोडतो, ९०० च्या पुढे आणखी थोडा. दर टप्प्यावर संयुग बदलतं, स्फटिकाची रचना बदलते. पण रंग काळा ते गडद तपकिरी यापलीकडे जात नाही. सोबत लोह असेल तर दोघांचं मिळून जेकबसाइट नावाचं काळं खनिज तयार होतं. हवा खेळती ठेवून भांडं खुशाल तांबडं भाजा, नक्षी काळीच राहते. काही भांड्यांवरची काळी रेघ मध्येच तपकिरी का होते, तेही यातून कळतं: लेपाची जाडी आणि दोन धातूंचं प्रमाण सगळीकडे सारखं नसतं.

शिआनजवळच्या बानपो गावातली माणसाचा चेहरा आणि मासे असलेली थाळी याच तंत्राची. (त्या चेहऱ्यात परग्रहवासी शोधणाऱ्यांना एवढंच सांगणं, की हे लोक नदीकाठी राहून मासे पकडत होते. मासे काढणारच.)

अँडरसनच्या तर्काला एका कबरीने मोठा धक्का दिला. गान्सू प्रांतातल्या छीज्या संस्कृतीची भांडी बहुतेक साधी, म्हणून त्याने ती रंगीत भांड्यांपेक्षा जुनी धरली होती. १९४५ मध्ये चिनी पुरातत्त्वज्ञ श्या नाई यांनी गान्सूतच छीज्या काळातली एक कबर उघडली. तिच्यात भरलेल्या मातीत रंगीत खापरं सापडली. कबर खणली गेली तेव्हा ती मातीत आधीपासूनच पडलेली होती. म्हणजे रंगीत भांडी जुनी, साधी नंतरची. पुढे कार्बन-१४ पद्धतीने वयं निघाली, तेव्हा यांगशावची पूर्वेकडची गावं गान्सूतल्या माज्यायाव संस्कृतीपेक्षा जुनी ठरली. रंगीत भांडी चीनमध्ये पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकली होती. आणि गान्सू-छिंगहायमध्ये, यांगशावचा बहर ओसरत असताना, इ.स.पू. ३३०० नंतर त्या काळ्या रेघांची भोवऱ्यासारखी वळणं झाली. वाडग्यांच्या आतल्या बाजूलासुद्धा.