आयर्लंडमध्ये गाडी चालवायची? आयडीपीचा अर्ज आणि पाट्यांवरचे आकडे

आयर्लंडमध्ये फिरताना गाडी भाड्याने घ्यायची असेल, तर इथूनच आंतरराष्ट्रीय वाहन परवाना (आयडीपी) काढून न्या. त्यासाठी पक्कं लायसन्स हवं, शिकाऊ चालत नाही.

सारथी पोर्टलवर महाराष्ट्र निवडा आणि लायसन्सच्या सेवांमध्ये आयडीपीचा अर्ज (नमुना ४-अ) भरा. लायसन्स, पासपोर्ट आणि फोटो लागतात, शुल्क १,००० रुपये. जानेवारी २०२१च्या अधिसूचनेने वैद्यकीय दाखला आणि व्हिसाची अट काढून टाकली. तरी आरटीओत जाताना व्हिसा-तिकिटाची प्रत सोबत असलेली बरी. खिडकीवर वाद घालण्यापेक्षा ते सोपं. जास्त डोकेदुखी नावाची असते. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे आणि लायसन्सवर नुसतं आद्याक्षर असेल, तर आधी लायसन्स दुरुस्त करून घ्या.

आयडीपी एक वर्ष चालतो, पण लायसन्स त्याआधी संपत असेल तर त्याच दिवसापर्यंत. मुदत जवळ आली असेल तर आधी नूतनीकरण करा; ते वर्षभर आधीही करता येतं. तिकडे मूळ लायसन्सही जवळ हवं, नुसत्या आयडीपीला अर्थ नाही. ही सोय पाहुण्यांसाठी, १२ महिन्यांपर्यंत. स्थायिक झालात तर भारतीय लायसन्स बदलून मिळत नाही: लेखी परीक्षा, शिकाऊ परवाना आणि १२ सक्तीचे धडे, सगळं पहिल्यापासून.

आता वेग. आयर्लंडने २० जानेवारी २००५ला मैल सोडून किलोमीटर घेतले. ३०चे ५० झाले, ७०चे १२०. ६० मैलांची मर्यादा मात्र दुभंगली: राष्ट्रीय रस्त्यांवर १००, प्रादेशिक आणि स्थानिक रस्त्यांवर ८०. स्थानिक ग्रामीण रस्त्यांची सर्वसाधारण मर्यादा फेब्रुवारी २०२५पासून ६० आहे, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनातले आकडे धरू नका.

गडबड होते बेलफास्टच्या वाटेवर. सीमेवर नाका नाही आणि पलीकडे उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या (यूके) हद्दीत, मैल सुरू होतात. आयरिश पाटीवर आकड्याखाली किमी/तास छापलेलं असतं, ब्रिटिश पाटीवर नुसता आकडा. डब्लिनची गाडी घेऊन उत्तरेत गेलात आणि पाटीवरच्या ६०ला किलोमीटर समजलात, तर फार तर मागचे वैतागतील. उलट बेलफास्टची गाडी घेऊन दक्षिणेत आलात आणि १००ची पाटी बघून मैलांच्या काट्यावर १०० गाठलेत, तर वेग ताशी १६० किलोमीटर होतो. तशा काट्यात किलोमीटरचे आकडे आतल्या बाजूला बारीक असतात. डिजिटल काटा असेल तर एकक सेटिंगमधून बदलतं. कुठे ते गाडी ताब्यात घेतानाच विचारून ठेवा.