लिलावाच्या आधी वही उघडा

सोयाबीन घरात आलं, कापसाची पहिली वेचणी आटोपली की विदर्भात गावोगावी टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा सुरू होतात. पूर्वेकडे धान कापलेल्या बांध्यांत, पश्चिमेकडे पडीक रानात. अलीकडे कित्येक गावांत संघ लिलावानं ठरतात. प्रत्येक संघाला सारखे पॉइंट मिळतात आणि बोली लागते. पण बोली चढते ती आठवणीवर. "मागच्या रविवारी त्या पोट्ट्यानं धुऱ्याच्या पार तीन सिक्स हाणले ना भाऊ!" एवढ्यावर निम्मे पॉइंट उडतात.

थोड्या डावांची सरासरी फसवी असते, आणि ती कुठल्या बाजूला फसवते हे आधीच सांगता येतं. यादीत सगळ्यात वर आलेला खेळाडू चांगला असतोच, पण बहुधा त्याला नशिबाचीही साथ मिळालेली असते. एखादा झेल सुटलेला असतो, एका बाजूचा धुरा जवळ असतो, समोर कच्चा गोलंदाज आलेला असतो. पुढच्या सामन्यात कौशल्य सोबत येतं, नशीब येईलच असं नाही. म्हणून वरचे खाली सरकतात आणि तळाचे थोडे वर येतात. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीत हेच दाखवलं. फार उंच आईवडिलांची मुलं उंच निघतात, पण सरासरीच्या थोडी जवळ सरकलेली.

यावर उपाय स्कोअरच्या वहीत करता येतो. समजा स्पर्धेत एका डावाची सरासरी १२ धावा आहे. 'अ'नं ३ डावांत ३०च्या सरासरीनं ९० धावा केल्या. 'ब'नं १५ डावांत २४च्या सरासरीनं ३६० केल्या. आता दोघांच्याही नावावर सरासरीचे ६ काल्पनिक डाव, म्हणजे ७२ धावा, जोडा. 'अ' होतो १६२ भागिले ९, म्हणजे १८. 'ब' होतो ४३२ भागिले २१, म्हणजे साडेवीसच्या वर. क्रम उलटला. 'अ' वाईट आहे असं यातून निघत नाही, त्याच्याबद्दलचा पुरावा अजून थोडा आहे एवढंच निघतं.

काल्पनिक डाव सहाच का? तो आकडा मी उदाहरणासाठी घेतला. खरा आकडा तुमच्या वहीतून काढायचा. मागच्या हंगामाचे सम आणि विषम सामने वेगळे करा. दोन्हींत तेच खेळाडू वर दिसले तर नशिबाचा वाटा कमी, थोडे डाव जोडले तरी चालतात. याद्या जुळल्याच नाहीत तर जास्त जोडा.

काल्पनिक डाव जोडणं म्हणजे आकडा सरासरीकडे ओढणं, आणि या विचारामागे भक्कम गणित आहे. संख्याशास्त्रज्ञ चार्ल्स स्टाइन यांनी १९५६ मध्ये सिद्ध केलं की तीन किंवा अधिक सरासऱ्यांचा अंदाज एकत्र करायचा असेल, तर त्या सगळ्या एका ठरलेल्या आकड्याकडे योग्य प्रमाणात ओढल्यानं एकूण चूक कमी होते. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या संख्याशास्त्रज्ञांनी पुढे ते बेसबॉलवर तपासलं. १९७०च्या हंगामातले १८ खेळाडू घेतले, प्रत्येकाच्या फलंदाजीच्या पहिल्या ४५ संधी पाहिल्या आणि उरलेल्या हंगामाचा अंदाज केला. १८ पैकी १६ जणांच्या बाबतीत ओढलेला आकडाच पुढच्या खऱ्या सरासरीच्या जास्त जवळ निघाला.

मला यातला रॉबर्टो क्लेमेंटे सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याची सुरुवातीची सरासरी होती ०.४००, म्हणजे दर दहा संधींत चार यशस्वी फटके. पद्धतीनं ती ०.२९० वर आणली. उरलेल्या हंगामात तो ०.३४६ नं खेळला. खऱ्या मोठ्या खेळाडूला सूत्रानं जरा जास्तच खाली ओढलं, कारण सूत्राला फक्त ४५ संधी ठाऊक होत्या, त्याची आधीची कारकीर्द नव्हती. गावातही हा धोका आहे. नागपूरजवळच्या वलनीच्या खाण वसाहतीत वाढलेला, टेनिस बॉल खेळत आलेला उमेश यादव २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी खेळला आणि २०११ मध्ये भारताकडून कसोटी. असा पोरगा पहिल्यांदा लिलावात आला तर निव्वळ विकेटच्या आकड्यांवरून तो ओळखू येणार नाही. विकेटमध्ये नशीब फार मिसळलेलं असतं. वेग मात्र चेंडूगणिक फारसा बदलत नाही, तो दोन-चार षटकांत कळतो. म्हणून गोलंदाजाचा वेग आणि टप्पा वहीत आधी लिहावा, विकेट नंतर.

बोली किती लावायची हा प्रश्न वेगळा आहे. त्याचं उत्तर अमेरिकन फुटबॉलच्या फँटसी लीगनं छान शोधलं आहे. फँटसी लीगमध्ये खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ निवडायचा आणि मैदानातल्या त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचे. हा खेळ ओकलंड रेडर्स या फुटबॉल संघाचे भागीदार बिल विंकनबाख आणि त्यांच्या सोबत्यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या हॉटेलात आखला. त्यात क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणारा, सर्वाधिक गुण मिळवतो, तरी जाणकार आधी बहुधा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, उचलत आले. प्रत्येक संघाला क्वार्टरबॅक एकच लागतो, त्यामुळे शेवटी उरणाराही बरा असतो. रनिंग बॅक दोन तरी लागतात आणि चांगले लवकर संपतात.

(आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५च्या कायद्यानं बंदी आली. हे गणित त्यासाठी नाहीच.)

तर खेळाडूची किंमत त्याच्या धावांवर नाही, त्याच्या जागी शेवटी जो मिळेल त्याच्याहून तो किती सरस आहे यावर ठरते. गावात फटकेबाज रग्गड असतात. पहिल्या आणि दहाव्या फटकेबाजात समजा डावाला ४ धावांचा फरक आहे. धड कीपर मात्र पंचक्रोशीत दोनच, आणि तिसऱ्याच्या हातून डावाला १० धावा बायच्या जातात. मग दुसऱ्या कीपरवर बोली लागली की पॉइंट तिथे मोकळे करावेत, फटकेबाज दहावा घेतला तरी चालतो.