इलेर्डाची मोहीम

रोमन यादवी युद्धातील (इ.स.पू. ४९–४५) स्पेनमधील पहिली मोठी मोहीम. ज्यूलियस सीझर विरुद्ध त्याचा प्रतिस्पर्धी पाँपी याचे सेनाधिकारी लूसियस अफ्रानियस व मार्कस पेट्रेयस अशी ती इ.स.पू. ४९ च्या उन्हाळ्यात लढली गेली. इलेर्डा म्हणजे ईशान्य स्पेनच्या कातालोनियातील आजचे लेइदा. यादवीत दोन्ही बाजूंची शस्त्रे, कवायत आणि छावणीची आखणी सारखीच असल्याने नदी, टेकडी आणि खिंड कोणाच्या ताब्यात याला निर्णायक महत्त्व येत असे. इलेर्डा हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय.

शहर सिकोरिस (आजची सेग्रे) नदीच्या पश्चिम काठावर, उंच टेकडीवर होते. अफ्रानियस व पेट्रेयस यांच्या पाच लीजन (रोमन सैन्याची काही हजार सैनिकांची मोठी तुकडी) शहराच्या नैर्ऋत्येकडील टेकडीवर (ही गार्देनीची टेकडी मानली जाते) तळ देऊन होत्या. शहरालगतचा पूल त्यांच्या हाती असल्याने नदीचे दोन्ही काठ त्यांना खुले होते आणि धान्यही त्यांनी आधीच भरून ठेवले होते. सीझरने प्रथम ही टेकडी आणि शहर यांच्यामधला लहानसा उंचवटा घेऊन शत्रूला पुलापासून तोडण्याचा प्रयत्न केला. तो फसला. माघार घेणाऱ्या शत्रूचा पाठलाग करत नववी लीजन शहराच्या तटाखालील चढणीवर गेली. दोन्ही बाजूंना कडे आणि मध्ये जेमतेम तीन कोहोर्ट (लीजनचा दहावा भाग) उभ्या राहतील एवढी जागा, त्यात वरून मारा. पाच तासांच्या झुंजीनंतरच तिला तेथून निघता आले.

यानंतर खरे संकट नदीने आणले. पावसाने पिरेनीज पर्वतावरील बर्फ वाहून आले आणि सीझरचे दोन्ही पूल एकाच दिवशी मोडले. पूर्वेला सिकोरिस, पश्चिमेला सिंगा (आजची सिंका) आणि दोन्हींना उतार (पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा) नाही, अशा बेचक्यात त्याचे सैन्य अडकले. धान्य एका मोदियसला (सुमारे पावणेनऊ लिटर) ५० देनारियसपर्यंत (रोमन चांदीचे नाणे) चढले. तेव्हा ब्रिटनमध्ये पाहिलेल्या होड्या सीझरच्या उपयोगी पडल्या: हलक्या लाकडाचा सांगाडा, वेताचे विणकाम आणि वरून कातडी. त्या रातोरात गाड्यांवरून छावणीपासून २२ रोमन मैलांवर नेऊन त्याने पलीकडची टेकडी घेतली व दोन दिवसांत पूल बांधला. हा पूल छावणीपासून फार दूर होता. म्हणून ३० फूट रुंदीचे चर खणून नदीचे काही पाणी वळवण्यात आले आणि छावणीजवळच उतार तयार होऊ लागला.

घोडदळ या उतारातून ये-जा करू लागल्यावर वैरण आणि रसद तुटण्याच्या धास्तीने अफ्रानियस व पेट्रेयस यांनी एब्रो नदीकाठच्या ऑक्टोगेसा गावाकडे माघार सुरू केली. तेथे त्यांनी होड्यांचा पूल सिद्ध केला होता आणि पाँपीचे नाव मोठे असलेला स्पेनच्या अंतर्भागातील केल्टिबेरिया हा प्रदेश त्यापलीकडे होता. सीझरचे पायदळ वरच्या व खालच्या अंगाला ओझ्याची जनावरे उभी करून, जोरदार प्रवाहातून नदी उतरले. सुमारे पाच मैल सपाटी संपली की डोंगर आणि अरुंद वाटा लागत. जो आधी पोहोचेल त्याच्याच त्या होणार हे दोघांनाही कळत होते. मोहिमेचा निकाल या शर्यतीत लागला. सीझरचे सैन्य आधी उलट दिशेला चालू लागलेले पाहून शत्रूचे सैनिक ओरडून हिणवू लागले, त्यांना वाटले की उपासमारीने ते परतत आहे. प्रत्यक्षात ते घळींमधून, कड्यांवर एकमेकांच्या हाती शस्त्रे देत, वळसा घालून पुढे निघाले होते आणि तेच आधी पोहोचले.

वाट अडल्यावर सीझरने हल्ला केला नाही. दोन्हीकडचे सैनिक एकमेकांच्या छावणीत जाऊन ओळखीचे आणि गाववाले शोधू लागले. पेट्रेयसने आपल्या छावणीत सापडलेल्या सीझरच्या सैनिकांना ठार करवले. सीझरने मात्र शत्रूचे सैनिक परत पाठवले. ही हकीकत मुख्यतः सीझरनेच लिहिलेली असल्याने तिच्यातील औदार्याचे वर्णन जपून वाचावे लागते. इलेर्डाकडे परतू पाहणाऱ्या सैन्याचे पाणी तोडण्यासाठी त्याने भोवती खंदक खणायला घेतले. पाणी, वैरण व धान्य संपल्यावर अफ्रानियस शरण आला (२ ऑगस्ट). स्पेनमध्ये घरदार असलेल्या सैनिकांना लगेच मोकळे करण्यात आले. उरलेल्यांना गॉल व इटलीच्या सीमेवरील वार नदीपाशी सेवामुक्त करण्याचे ठरले.