ब्रेक डिस्क (लहान मोटार)

ब्रेक डिस्क म्हणजे चाकाच्या हबवर (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावर) बसवलेली आणि चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी. पेडल दाबले की कॅलिपरमधला (डिस्कला चिमट्यासारख्या धरणाऱ्या भागातला) पिस्टन दोन्ही बाजूंचे पॅड, म्हणजे घर्षणाच्या पट्ट्या, तिच्यावर आवळतो आणि गाडीची गती घर्षणाने उष्णतेत जिरते. सुट्या भागांच्या दुकानात तिला रोटर असेही म्हणतात. भारतातल्या बहुतेक हॅचबॅक गाड्यांना पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्या चाकांना ड्रम (बंद डब्यातले ब्रेक) असतात, म्हणून या नोंदीत मुख्यतः पुढच्या डिस्कची देखभाल आणि बदल यांचा विचार केला आहे.

फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्याच्या रचनेत तांब्याचे अस्तर धातूच्या तबकडीवर घासत असे आणि त्याची किंकाळी असह्य होती. डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार सी-टाइपने १९५३ ची ल मां शर्यत जिंकली आणि १९५५ च्या सिट्रोएन डीएस या मोटारीमुळे ही रचना मोठ्या संख्येने रस्त्यावर आली.

डिस्क करड्या बिडाची असते. या बिडात ग्रॅफाइटचे बारीक पापुद्रे असतात. ते उष्णता चटकन पसरवतात आणि कंपने जिरवतात. काही लहान गाड्यांना भरीव डिस्क असते, काहींना दोन तबकड्यांमध्ये हवा खेळती ठेवणाऱ्या पाकळ्या असलेली. डिस्कवर किती भार येतो ते हिशेबाने कळते. १,००० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून पूर्ण थांबवताना सुमारे २४७ किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. त्यातला ७० टक्के वाटा पुढच्या ब्रेकवर आला आणि प्रत्येक डिस्क ४ किलोची धरली, तर एका थांबण्यात तिचे तापमान ४५ अंशांच्या आसपास वाढते. आता आंबोलीसारख्या घाटात ६०० मीटर खाली उतरायचे असेल, तर हीच गाडी तसल्या चोवीस थांबण्यांइतकी ऊर्जा सोडते. वाऱ्याचा अडथळा त्यातली थोडी खातो. उरलेली इंजिनाने खायची की डिस्कने, हे चालक कोणत्या गिअरमध्ये उतरतो त्यावर ठरते. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून ‘पेट्रोल वाचवणारे’ सगळा भार डिस्कवर टाकतात. घाट उतरल्या उतरल्या तापलेल्या चाकांवर पाण्याचा पाइप धरणे हाही तसलाच उद्योग आहे.

डिस्कचे आयुष्य किलोमीटरमध्ये सांगण्यात अर्थ नसतो, ते जाडीत मोजतात. किमान जाडीचा आकडा बहुधा डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर कोरलेला असतो. नवी असताना २२ मिमी आणि किमान २० मिमी अशी जोडी सर्रास आढळते. म्हणजे हाताशी अवघे २ मिमी असतात आणि तेही दोन्ही बाजू मिळून. इथे मोजमापाची एक ठरलेली चूक होते. पॅड डिस्कच्या अगदी काठापर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे बाहेरच्या कडेला न झिजलेली, गंजलेली उंच कड राहते. साध्या व्हर्निअरचे जबडे त्या कडेवर टेकले की झिजलेली डिस्कही जाड भरते. म्हणून कडेपासून साधारण सेंटीमीटरभर आत, परिघावर सहा-आठ ठिकाणी मायक्रोमीटर लावतात आणि सगळ्यांत कमी आलेला आकडा धरतात. आतली बाजूही पाहावी लागते. कॅलिपरच्या सरकत्या पिना सुकून जाम झाल्या की आतला पॅड आणि डिस्कची आतली बाजू आधी संपते, बाहेरून मात्र चाकाच्या फटीतून सगळे चकचकीत दिसते.

ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरू लागले की ‘डिस्क वाकली’ असे निदान लगेच होते. बिडाची तबकडी रस्त्यावरच्या वापरात खरोखर वाकणे फार क्वचित घडते. थरथर येते ती जाडीतल्या फरकामुळे, आणि तो फरक मिलिमीटरच्या एक-दोन शतांश इतका असला तरी पायाला जाणवतो. तो कसा तयार होतो ते पाहण्यासारखे आहे. डिस्क हबवर अगदी सरळ बसली नाही, तर फिरताना ती किंचित डुलते. ब्रेक दाबलेला नसतानाही तिचा पुढे आलेला भाग प्रत्येक फेऱ्याला पॅडला पुसटसा घासून जातो. काही हजार किलोमीटरांत तेवढी जागा झिजते, किंवा तिथे पॅडचे द्रव्य चिकटून थर बसतो. डुलण्याची मर्यादा बऱ्याच लहान गाड्यांत ०.०५ ते ०.१० मिमी असते. हबवरचा गंजाचा एक पापुद्रा ती ओलांडायला पुरतो. पंक्चर काढल्यावर हवेच्या गनने एका बाजूने घट्ट आवळलेले नटही पुरतात. थरथर सुरू होईपर्यंत महिने उलटलेले असतात, त्यामुळे ते पंक्चर कुणाला आठवत नाही आणि दोष डिस्कच्या कंपनीला मिळतो.

यावर लेथवर डिस्क फेसिंग करून, म्हणजे तिचा पृष्ठभाग तासून सपाट करून, देण्याचा उपाय गॅरेजमध्ये सुचवला जातो. डिस्क जाड असेल आणि फेसिंगनंतरही किमान जाडीच्या वर राहणार असेल, तर तो चालतो. पण लहान गाडीच्या डिस्कमध्ये मुळात काढण्याजोगे बीडच कमी असते, आणि हब साफ न करता तीच डिस्क परत बसवली तर थरथरही परत येते. मजुरी आणि हेलपाटा धरला तर नवी जोडी घेणे बहुधा शहाणपणाचे ठरते.

डिस्क नेहमी एका आसावर जोडीने बदलतात आणि पॅडही नवे घालतात. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे, मग जॅक लावून गाडी घोडीवर (गाडी तोलून धरणाऱ्या स्टँडवर) टेकवायची. नुसत्या जॅकवर काम करायचे नाही. कॅलिपर सोडल्यावर तो रबरी होजवर लोंबकळू न देता तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधतात. मग कॅलिपरचा कंस निघतो आणि खरी झटापट सुरू होते, कारण डिस्क हबला गंजाने चिकटलेली असते. काही गाड्यांत ती एक-दोन स्क्रूंनी धरलेली असते. ते साध्या स्क्रूड्रायव्हरने फिरवायला गेले की खाच गुळगुळीत होते, तिथे हातोड्याने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हरच हवा. बऱ्याच डिस्कना आटे पाडलेली दोन भोके असतात. त्यांत ८ मिमीचे बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळले की डिस्क ‘टक्’ आवाज करून सुटते.

जुनी निघाल्यावर हबची बैठक तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासायची. सगळ्या कामात घाई सर्वाधिक इथेच होते, आणि थरथरीचे बी पेरले जाते तेही इथेच. नव्या डिस्कवर गंजरोधक तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसावा लागतो. सरकत्या पिनांना ब्रेकसाठीचेच ग्रीस लावतात. पिस्टन मागे दाबताना ब्रेक ऑइलची टाकी भरून वाहत नाही ना, यावर लक्ष ठेवायचे. ते रंगावर सांडले तर रंग जातो. नट फुलीच्या क्रमाने आणि टॉर्क पान्ह्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्ह्याने) आवळतात; लहान गाड्यांत हा आकडा साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतो, नेमका गाडीच्या पुस्तिकेत मिळतो. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबायचे. हे विसरले तर पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जाते.

नवे पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसवण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर ताशी ५०-६० वरून १० पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग उतरवतात, मध्ये थोडे थंड होऊ देतात. तापलेल्या अवस्थेत पेडल दाबून उभे राहिले तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो.

पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी नारिंगी गंज दिसतो. तो वरवरचा असतो आणि पहिल्या चार-पाच ब्रेकांत निघून जातो. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत आठवडेच्या आठवडे उभी राहिलेल्या गाडीचे तसे नसते. तिथे गंज खड्डे पाडतो आणि पॅडखालच्या जागेचा डागही राहतो. इलेक्ट्रिक गाड्यांनाही हीच अडचण येते. वेग उतरवण्याचे बरेचसे काम मोटरच करते, डिस्क घासलीच जात नाही आणि झिजण्याआधी गंजते. म्हणून फोक्सवॅगनने आयडी.३ या इलेक्ट्रिक गाडीला मागे बंदिस्त ड्रम दिले.