बियाफ्रा की मलावी? सूर्य नीट बघा

लाल, काळा, हिरवा असे आडवे पट्टे आणि एक सूर्य, एवढंच लक्षात ठेवलं तर बियाफ्रा आणि मलावी यांच्या झेंड्यांत गल्लत होणारच.

मलावी हा रीतसर देश आहे. बियाफ्रा नाही. ३० मे १९६७ रोजी नायजेरियाच्या पूर्व प्रदेशाचे लष्करी गव्हर्नर ओजुक्वू यांनी तो पूर्वेकडचा, इग्बो समाजाची बहुसंख्या असलेला भाग बियाफ्रा या नावाने वेगळा देश म्हणून जाहीर केला. टांझानिया, झांबिया, गॅबन, आयव्हरी कोस्ट आणि हैती यांनीच काय ती मान्यता दिली. जानेवारी १९७० मध्ये नायजेरियाविरुद्धचं युद्ध हरल्यावर तो देशही संपला. त्याचा झेंडा मात्र वेगळं राष्ट्र मागणाऱ्या संघटना आजही मिरवतात. त्यांपैकी 'आयपॉब' (इंडिजिनस पीपल ऑफ बियाफ्रा) या संघटनेवर नायजेरियाने २०१७ मध्ये बंदी घातली.

बियाफ्राच्या झेंड्यात वरून खाली लाल, काळा, हिरवा हा क्रम आहे. मधल्या काळ्या पट्ट्यात सोनेरी पट्टीवर टेकलेला अर्धा पिवळा सूर्य, त्याला अकरा किरणं: बियाफ्राच्या अकरा प्रांतांची. लाल म्हणजे सांडलेलं रक्त. १९६६ मध्ये उत्तर नायजेरियात इग्बोंच्या कत्तली झाल्या, त्यांची आठवण त्यात आहे. काळा त्या मृतांच्या शोकाचा, हिरवा समृद्धीचा. हाच अर्धा सूर्य बियाफ्राच्या सैनिकांच्या बाहीवरही शिवलेला असे.

मलावीच्या १९६४ च्या झेंड्यात काळा पट्टा सर्वांत वर, मग लाल, मग हिरवा. इथे काळा शोकाचा नाही, आफ्रिकी माणसाचा आहे. त्यावरचा उगवता सूर्य लाल आणि किरणं ३१.

रंग सारखे असण्यात चोरी कुणाचीच नाही. कृष्णवर्णीयांचे जमैकन नेते मार्कस गार्वी यांच्या संघटनेने १९२० मध्येच लाल-काळा-हिरवा हा झेंडा जगभरच्या कृष्णवर्णीयांसाठी स्वीकारला होता.

खरा घोळ २०१० मध्ये झाला. राष्ट्राध्यक्ष बिंगू वा मुथारिका यांच्या सरकारने मलावीचे पट्टे लाल-काळा-हिरवा असे लावले, म्हणजे हुबेहूब बियाफ्राचा क्रम, आणि देशाने प्रगती केली म्हणून मधोमध पूर्ण पांढरा सूर्य बसवला. विरोधकांना ते मुळीच पटलं नाही, आणि मला विचाराल तर त्यांचं बरोबर होतं. मुथारिका एप्रिल २०१२ मध्ये वारले आणि पुढच्याच महिन्यात संसदेने जुना झेंडा परत आणला. त्यामुळे त्या दोन वर्षांतला फोटो असेल तर पट्ट्यांच्या क्रमावर जाऊ नका. सूर्य अर्धा पिवळा आहे की पूर्ण पांढरा, तेवढं बघा.