स्टिअरिंगमधला प्ले नेमका कुठे आहे?

जुनी गाडी सरळ रस्त्यावर भटकायला लागली की बहुतेक जण आधी व्हील अलाइनमेंट, म्हणजे मशीनवर चाकांचे कोन जुळवणे, करून घेतात. हा क्रम उलटा आहे. सांधे ढिले असतील तर मशीनवर जुळवलेले कोन रस्त्यावर टिकत नाहीत. आधी प्ले, म्हणजे सांध्यांतला ढिलेपणा, शोधायचा, खराब भाग बदलायचे, मग अलाइनमेंट.

सुरुवात चाके जमिनीवर असतानाच करावी. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू. एकाने स्टिअरिंग जेमतेम दोन-तीन बोटे डावी-उजवीकडे हलवायचे, दुसऱ्याने चाकामागे टाय रॉड एंडवर (स्टिअरिंगचा दांडा चाकाकडे जोडणाऱ्या सांध्यावर) हात ठेवायचा. चांगला सांधा दांड्यासोबत निमूट हलतो. झिजलेल्यात बारीक 'टक' बोटांना लागते, कानाला ऐकू येण्याच्या कितीतरी आधी. रॅकच्या (स्टिअरिंगसोबत डावी-उजवीकडे सरकून टाय रॉड ढकलणाऱ्या भागाच्या) रबरी भात्यातून, म्हणजे घडीदार आवरणातून, आतला सांधाही असाच चाचपता येतो. हायड्रॉलिक स्टिअरिंगच्या भात्यात तेल साचले असेल तर रॅकचे सील गेले आहे.

मग गाडी जॅकने उचलून घोडीवर (जॅक स्टँडवर) ठेवा. नुसत्या जॅकवर कधीही नाही. चाक घड्याळातल्या 9 आणि 3 च्या जागी धरून हलवले की टाय रॉडचा प्ले कळतो. 12 आणि 6 वर हलले तर संशय बॉल जॉइंटवर (चाक सस्पेन्शनच्या आर्मला जोडणाऱ्या सांध्यावर) किंवा व्हील बेअरिंगवर. सोबत्याला ब्रेक दाबायला सांगा: प्ले गायब झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट.

इथे एक गोम आहे. स्प्रिंगचा जोर बॉल जॉइंटवर असेल तर झिजलेला जॉइंटही घट्ट वाटतो. मॅक्फर्सन स्ट्रटमध्ये (शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात असलेल्या सस्पेन्शनमध्ये) स्प्रिंग स्ट्रटवरच बसते, त्यामुळे चाक लोंबकळू दिले की खालचा जॉइंट मोकळा होतो. आर्म आणि नकल (चाक ज्यावर बसते तो भाग) यांच्यात टॉमी (लोखंडी पहार) घालून हलवून बघा. स्प्रिंग लोअर आर्मवर बसत असेल तर मात्र जॅक आर्मखाली, जॉइंटच्या जितका जवळ लावता येईल तितका लावायचा. नाहीतर बाद झालेला जॉइंट पास होतो.

बॉल जॉइंट मरतो तो बहुधा बूट (सांध्यावरचे रबरी आवरण) फाटल्यामुळे. पाणी आणि धूळ आत शिरते, ग्रीस वाहून जाते, गोळा आणि त्याची बैठक घासली जाते. बूट फाटून दिवस झाले असतील तर नवा बूट घालून उपयोग नाही, जॉइंटच बदला.

बुशची, म्हणजे आर्म गाडीला जोडला जातो तिथल्या रबरी तुकड्याची, चूक बसवताना होते. लोअर आर्मच्या बहुतेक बुशमध्ये रबर आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते. चाक लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला की गाडी खाली येताच रबर पिळले जाते आणि कायम पिळलेलेच राहते. असे नवे बुश लवकर फाटते. बोल्ट आधी नुसते लावा, चाकांवर गाडीचे वजन येऊ द्या, मग टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळा.

शॉकअपवर तेलाचा पुसट थर चालतो, ओघळ नाही. टायर थोड्या थोड्या अंतरावर खोलगट झिजला असेल तर शॉकअप तपासाच, आणि बदलताना त्या एक्सलची जोडीच बदला. स्ट्रटवरची स्प्रिंग उतरवण्याचे काम घरी करू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो.

टाय रॉड एंड बदलताना जुना किती आटे फिरून बाहेर आला ते मोजा, नवा तितकेच आटे आत न्या. कॅसल नटची (माथ्यावर खाचा असलेल्या नटची) खाच बोल्टच्या भोकासमोर येत नसेल तर नट सैल करू नका, किंचित पुढे आवळा आणि स्प्लिट पिन (नट सुटू न देणारी दुमडायची पिन) नवीच घाला. अलाइनमेंटच्या मशीनकडे गाडी न्यायची ती यानंतर.