पार्श्वभूमी : नागरिकाने केलेली अटक आणि पाच हजारांची रेघ

पोलीस हजर नसताना चोराला धरणे ही एकेकाळी गावाचीच जबाबदारी होती. गावची राखण करणाऱ्या जागल्याने किंवा रामोश्याने माग काढायचा आणि माग ज्या शिवारात थांबेल त्या गावाने उत्तर द्यायचे, अशी रीत होती. इंग्रजी अमलात हा अधिकार एकेकट्या माणसाकडे आला. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो कलम ५९ मध्ये होता. गुन्हा पकडणाऱ्याच्या डोळ्यांदेखत घडलेला हवा, आणि तो दखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येईल असा) व अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) असा दोन्ही हवा. घोषित फरारी असेल तर या अटी नाहीत. १९७३ च्या संहितेत हेच कलम ४३ झाले.

अजामीनपात्रतेची अट बहुतेकांच्या गावीही नसते. अपघातानंतर जमाव ड्रायव्हरला खेचून बाहेर काढतो. पण हयगयीने मृत्यूस कारणीभूत होण्याचा गुन्हा दखलपात्र असला तरी जामीनपात्र आहे, त्यामुळे या कलमाचा आधार तिथे मिळत नाही. विनयभंगही केंद्रीय कायद्यात २०१३ पर्यंत जामीनपात्रच होता. त्या वर्षीच्या दुरुस्तीने तो अजामीनपात्र झाला आणि कलम ४३ मधला एक शब्दही न बदलता नागरिकांचा अधिकार वाढला. म्हणजे कळ आहे ती संहितेच्या परिशिष्टातल्या तक्त्यात, जिथे कोणता गुन्हा दखलपात्र आणि कोणता जामीनपात्र हे ठरते.

१ जुलै २०२४ पासून १९७३ च्या संहितेच्या जागी नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम ४० नुसार धरलेल्या व्यक्तीला विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या हवाली करावे लागते. चर्चा झाली ती या सहा तासांचीच. खरा बदल त्याच तक्त्यात, चोरीच्या ओळीत झाला. पूर्वी साधी चोरी, रक्कम कितीही असो, दखलपात्र आणि अजामीनपात्र होती. आता पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल परत केला तर समाजसेवेची शिक्षा, हा त्यामागचा उद्देश चांगलाच आहे. पण त्याने नागरिकाच्या अटकेचे काय होणार, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

फलाटावर एकाने खिशातले पाकीट हळूच काढले आणि त्यात बाराशे रुपये निघाले, तर त्याला धरून ठाण्यात नेण्याचा अधिकार आता उरत नाही. तेच पाकीट लोकलच्या डब्यात मारले, तर प्रवासी वाहनातून वस्तू चोरल्याचे भारतीय न्याय संहितेचे (दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचे) कलम ३०५ लावता येईल, आणि ते अजामीनपात्र आहे. हातातून हिसकावून पळाला तर कलम ३०४, तिथे किमतीचा प्रश्नच नाही. फलाटावर उभ्या माणसाने हे सगळे अर्ध्या मिनिटात ठरवायचे! मालमत्तेच्या बचावाचा हक्क मात्र शाबूत आहे. चोर माल घेऊन निसटेपर्यंत त्याला रोखून पाकीट परत घेता येते, लागेल तेवढेच बळ वापरून. त्यानंतर त्याला डांबून ठेवणे ही वेगळी गोष्ट.

डोळ्यांदेखत या अटीचे मोल किती, हे जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात दिसले. मुले पळवणारे समजून भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले गेले. गुन्हा होताना कोणीच पाहिलेला नव्हता, कारण गुन्हा झालाच नव्हता. अशा कोंडण्याला कोणत्याच संहितेत अटक म्हटलेले नाही.

अधिकार आहे तिथेही तो धरून हवाली करण्यापुरताच. झडती पोलिसांनी घ्यायची. मारहाण केली तर पकडणाराच आरोपी. गुन्हा घडल्याचे सबळ कारण पोलिसांना दिसले नाही, तर धरलेल्याला तत्काळ सोडावे लागते आणि बेकायदा अडवणूक व कोंडून ठेवण्याची न्याय संहितेतली कलमे १२६ आणि १२७ पकडणाऱ्याकडे वळू शकतात. पाकिटात सहा हजार आहेत असे प्रामाणिकपणे वाटले आणि निघाले चार, तर वस्तुस्थितीबाबतची चूक म्हणून कलम १७ चा आधार मागता येतो. पाच हजारांची रेघच ठाऊक नव्हती, हा बचाव मात्र चालत नाही.